आडवा ओघळ

१

भिंत पडली मंगळवारी सकाळी, सव्वादहाच्या सुमाराला. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाची, इस्त्रीच्या खोलीची. खोलीत एकच माणूस होता. तो दुपारी सापडला.

गुरुवारी तपास अधिकारी आमच्या घरी आले, कारण ती भिंत धडधाकट आहे असं लिहून देणाऱ्या कागदावर माझ्या सासऱ्यांची सही होती.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी इमारती तपासल्या. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी जिन्याचा कठडा हलवून बघणार. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून बारीकसारीक कामं ते घरबसल्या करू लागले. गिऱ्हाईक फोटो पाठवणार, आप्पा ते बघून मत सांगणार, त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा टाइप करणार, आणि खाली आप्पांची सही.

अधिकाऱ्यांनी अहवाल टेबलावर ठेवला. "भिंतीतील भेग उभी व बारीक आहे. प्लास्टर आक्रसल्याने आलेली. धोका नाही." शेजारी चार छोटे काळे-पांढरे फोटो. तिसऱ्या फोटोत भेग होती, वरून खाली, सरळ उभी.

"सही तुमची?"

"माझीच."

"फोटो कुणी काढले?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "लॉन्ड्रीच्या मॅनेजरने. चॅटवर पाठवले होते. आमच्यातलं कोणी तिथे गेलं नव्हतं."

अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मान वर न करताच म्हणाले, "गेलेल्या माणसाची बायको सांगते, भेग आडवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

अधिकारी गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, उभी काय नि आडवी काय, भेग ती भेगच ना?"

त्यांनी टेबलावरचं जाडसर पाकीट उचललं, उभं धरलं, आणि मागून मधोमध बोटाने दाबलं. पाकीट पोटात वाकलं. वाकल्याची घडी आडवी पडली.

"मागून कोणी रेटत असेल तर भिंत अशी आडवी उकलते. उभी बारीक भेग म्हणजे सर्दी-पडसं. आडवी भेग दिसली की आधी माणसं बाहेर काढायची, मग पाणी प्यायचं." पाकीट त्यांनी हळूच खाली ठेवलं. "मी फोटोत उभीच बघितली गं. डोळ्यांनी बघितली."

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. ती बाई, नाहीतर तो फोटो. आणि फोटो खोटं बोलत नाही, असं मी माझ्या स्टुडिओत वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते.

२

गेलेल्या माणसाला सगळे 'कडक' म्हणायचे. त्याने इस्त्री केलेल्या बाहीची घडी कागद कापेल अशी असायची, म्हणून. त्याची बायको त्याच लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची. मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती जमिनीवर बसून एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा घडी घालत होती आणि उलगडत होती.

"तुम्ही त्या म्हाताऱ्याची सून ना?" तिने बसा म्हटलं नाही. "सही पुसायला आलात?"

"नाही. भेग कशी होती ते ऐकायला आले."

"सांगितलंय ना साहेबांना."

"मला परत सांगा. माझे सासरे दोन दिवस जेवलेले नाहीत."

"माझा नवरा तर कधीच जेवणार नाही," ती म्हणाली. मी उभीच राहिले. थोड्या वेळाने तिनेच पायाने पाट माझ्याकडे सरकवला.

"आडवी होती," ती सांगू लागली. "माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. आधी केसाएवढी होती, मग करंगळी जाईल एवढी झाली. मी म्हटलं, मालकिणीला सांगा. ह्यांनी सांगितलं पण. मग मॅनेजर येऊन मोबाईलवर फोटो काढून गेला. चार दिवसांनी म्हणाला, मोठ्या इंजिनिअरने लिहून दिलंय, काही होत नाही, कामं करा."

"तुम्हाला नक्की आठवतंय? दुःखात माणसाला..."

"बाई," तिने माझं वाक्य तोडलं, "हे कंगवा त्या भेगेत ठेवायचे. फळीवर ठेवावा तसा, आडवा. रोज सकाळी आल्यावर भांग पाडायचे आणि तिथेच ठेवून द्यायचे. उभ्या भेगेत कंगवा आडवा ठेवून दाखवा मला. मग मी खोटी."

३

आप्पांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मी चारही मूळ फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि स्टुडिओत आले. नवराही मागोमाग आला. का आला, ते तेव्हा कळलं नाही.

स्टुडिओत माझे दोन कॉम्प्युटर आहेत. एक नवा. दुसरा छपाईच्या मशीनला जोडलेला जुनाट, त्याला मी म्हातारबा म्हणते. नव्यावर तिसरा फोटो उघडला. भेग उभी. तोच फोटो म्हातारबावर उघडला.

भेग आडवी.

"बघ!" नवरा जवळजवळ ओरडलाच. "मशीनची चूक! कोणाचाच दोष नाही. असंच सांगू या साहेबांना."

"थांब जरा."

मी गेली वीस वर्षं हेच करते, म्हणून मला ठाऊक होतं. मोबाईल आपण उभा धरा, आडवा धरा, आतली काच काही फिरत नाही. ती चित्र आपल्या मापानेच साठवते, आणि फोटोच्या पोटात एक चिठ्ठी घालते, की दाखवताना मला एवढा फिरवून दाखवा. मोबाईलला आपली खालची बाजू कुठली ते कळतं, त्यावरून तो चिठ्ठी लिहितो. शिकलेली माणसं तिला मेटाडेटा म्हणतात. नवा कॉम्प्युटर ती चिठ्ठी वाचून फोटो फिरवतो. म्हातारबा अंगठाबहाद्दर. तो वाचतच नाही, असेल तसं चित्र समोर टाकतो. बाकीचे तीन फोटो त्याने आडवे लोळवलेच होते. खिडकी कुशीवर, दार कुशीवर. ते फोटो मोबाईल उभा धरून काढलेले होते आणि चिठ्ठीप्रमाणे फिरवले की सरळ होत होते.

म्हणजे प्रश्न राहिलाच. या तिसऱ्या फोटोत चिठ्ठी खरी असेल, तर भेग उभी आणि कडकची बायको खोटी. चिठ्ठी खोटी असेल, तर भेग आडवी.

मी नव्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा करत गेले. नुसती भिंत, नुसतं प्लास्टर, मध्ये भेग. भेगेशेजारी एक खिळा होता, आणि खिळ्यापासून निघालेला गंजाचा तांबूस ओघळ. अहवालातल्या काळ्या-पांढऱ्या छोट्या फोटोत तो डाग वाटला असता. इथे स्पष्ट दिसत होता. खिळ्यापासून निघून तो वीतभर डावीकडून उजवीकडे गेला होता.

"पाणी आडवं वाहत नाही," मी म्हणाले.

म्हातारबाच्या पडद्यावर तोच ओघळ खिळ्याखाली सरळ उतरत होता. चिठ्ठी खोटी होती.

"मग मोबाईलने चुकीची लिहिली असेल," नवरा घाईघाईने म्हणाला. "होतं ना कधी कधी?"

होतं. मोबाईल अगदी जमिनीकडे किंवा छताकडे रोखला, तर खाली कुठे ते त्याला कळत नाही आणि तो गोंधळतो. पण ही समोरची भिंत होती. आणि मोबाईल चुकला असता तर फोटो काढताक्षणी चुकला असता. मी चिठ्ठी पूर्ण उघडली. फोटो काढल्याची वेळ, अकरा वाजून पाच. चिठ्ठीत शेवटचा बदल, अकरा त्रेचाळीस. त्याखाली एका प्रोग्रॅमचं नाव, जे बाकीच्या तीन फोटोंत कुठेच नव्हतं.

चित्राला कोणी हात लावला नव्हता. फक्त चिठ्ठी बदलली होती, अडतीस मिनिटांनी, कॉम्प्युटरवर बसून, माणसाने.

आणि मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. चॅटवर पाठवलेल्या फोटोचं वजन उतरतं आणि पोटातली चिठ्ठी गळून जाते. हा फोटो पूर्ण वजनाचा होता, चिठ्ठीसकट. तो चॅटवरून आलेलाच नव्हता.

मी मान वळवली. नवरा दारातून निघून गेलेला होता.

४

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. आप्पा शेजारच्या खोलीत होते, म्हणून दोघंही कुजबुजत होतो.

"फोटो चॅटवर आले नव्हते."

त्याने नळ सोडला, बंद केला. "मी गेलो होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"लॉन्ड्रीत. फोटो मूळ मापाचे हवेत म्हणून पेन ड्राइव्हवर आणायला. मॅनेजरने चहा मागवला. म्हणाला, मागे बॉयलर चालू आहे, वाफेने अंग शिजेल, कशाला जाताय, फोटोत आहेच सगळं. मी चहा प्यायलो आणि आलो."

"भिंत किती लांब होती?"

"तीस पावलं असतील." तो ओट्याकडे बघत होता. "आप्पांना कोणत्या तोंडाने सांगू, की दारापर्यंत जाऊन मी भिंत बघितली नाही? म्हणून चॅटचं सांगितलं. एकदा सांगितलं, मग साहेबांनाही तेच सांगावं लागलं."

"आणि चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"फोटो कोणी फिरवला?"

"तुला वाटतं, मी?"

मला काय वाटत होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात तो माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण आता तो बापाशी खोटं बोलला होता, अधिकाऱ्यांशी बोलला होता. खोट्याला एकदा पाय फुटले की ते कुठल्या खोलीत जाऊन बसेल सांगता येत नाही.

सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्याचा मोबाईल उघडला. मॅनेजरचं नाव शोधलं. त्या दिवशीचा निरोप तिथेच होता, अकरा पन्नासचा.

"फोटो तयार ठेवलेत. तुम्ही म्हणालात तसेच."

५

माझ्या जुन्या कोटावर शाईचा डाग आहे. तो घेऊन मी लॉन्ड्रीत गेले.

मागची बाजू पत्रे लावून बंद केली होती. पुढचं दुकान चालू होतं. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत मालकीण बसली होती. साठीची, ताठ, तोंडावर झोप नसलेली. तिला सगळे मावशी म्हणतात. मॅनेजर हा तिच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे सख्खा भाचा, त्यामुळे तो म्हणतो त्यात नवल नाही. पण गिऱ्हाइकंही मावशीच म्हणतात.

मी कोण ते मी लपवलं नाही. मावशीने डोळे मिटून उघडले. "तुमच्या सासऱ्यांच्या कागदावर मी विसंबले," ती म्हणाली. "कडक माझ्याकडे बावीस वर्षं होता. आता त्याच्या बायकोच्या समोर जाववत नाही मला."

भाचा आतून आला. चापूनचोपून भांग, खिशाला दोन पेनं. मी विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली. "वहिनी, मी आपला फोटो काढला आणि जसा होता तसा दिला. मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. मोबाईलनेच काही केलं असेल. नाहीतर..." तो थांबला आणि गोड हसला. "तुमच्या मिस्टरांना कळतं ना कॉम्प्युटरमधलं सगळं?"

माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते बोट चुकीचं आहे असं मला छातीठोक म्हणता येत नव्हतं.

"हा डाग निघेल का?" मी कोट पुढे केला.

काउंटरवरच्या बाईने कोट पसरला आणि डागाचा मोबाईलवर फोटो काढला. "आधीपासून होता याचा पुरावा," ती मला समजावून सांगू लागली. "नाहीतर लोक म्हणतात तुम्हीच पाडला. पावतीवर छापतो आम्ही." फोटो तिच्या कॉम्प्युटरवर आला. कोट आडवा पडला होता, बाह्या वर-खाली. तिने सवयीने हाक मारली, "भाऊ, जरा सरळ करून द्या हो!"

आणि भाचा, माझ्याशी बोलता बोलता, "तर वहिनी, आपण अडाणी माणसं," असं म्हणत मागे वाकला. डाव्या हाताने त्याने दोन बटणं दाबली. स्क्रीनकडे धड बघितलंही नाही. कोट उभा राहिला. पावती छापून बाहेर आली.

मी पावती घेतली, पण माझे डोळे कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होते. तिथे प्रोग्रॅमचं नाव लिहिलेलं होतं.

तेच नाव.

६

पण कशासाठी? आडव्या भेगेचा फोटो दिला असता तर फार तर खोली दोन महिने बंद राहिली असती. लॉन्ड्री त्याची नव्हती. तोटा मावशीचा होता. मग त्याला काय पडलं होतं?

आप्पांचं पाकीट आठवलं. मागून कोणी रेटत असेल तर.

मी लॉन्ड्रीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. गल्लीच्या पलीकडे नव्या इमारतीचा पाया खणून झाला होता. गल्ली झाडल्यासारखी स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ. पडलेल्या भिंतीचा जो तुकडा कोपऱ्याला शिल्लक होता, त्यावर माझ्या गळ्याएवढ्या उंचीवर ओलीची काळपट रेघ होती. रेघेखाली विटांच्या सांध्यांत तांबडी माती घट्ट बसली होती.

बांधकामावरचा राखणदार विडी ओढत बसला होता. "इथे माती होती का हो?" मी विचारलं.

"होती की. पायाची सगळी इथेच टाकलेली. महिना-दीड महिना होती." मग त्याने आवाज उतरवला. "भिंत पडली, त्याच दुपारी मशीन आणून उचलली. तिकडे माणूस काढत होते, इकडे माती."

"लॉन्ड्रीची गल्ली ना ही? परवानगी कोणी दिली?"

"लॉन्ड्रीचाच मॅनेजर. आमच्या शेटजींचा दोस्त आहे तो. नव्या बिल्डिंगमध्ये कोपऱ्याचं दुकान त्यालाच देणार आहेत. स्वतःची लॉन्ड्री टाकणार म्हणतो."

मी तशीच घरी गेले आणि आप्पांना म्हणाले, "काठी घ्या. तुम्हाला भिंत बघायची आहे."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. मावशी, भाचा, आप्पा, माझा नवरा, मी, आणि दारात उभी असलेली कडकची बायको. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं.

मी दोन छापील फोटो टेबलावर ठेवले. एक चिठ्ठीप्रमाणे फिरवलेला, एक मुळातला. आप्पांनी चष्मा लावला आणि पहिल्याच नजरेत त्यांचं बोट गंजाच्या ओघळावर गेलं.

"फोटो मोबाईलने फिरवला नाही," मी म्हणाले. "मोबाईल चुकला असता तर अकरा पाचला चुकला असता. चिठ्ठी बदलली अकरा त्रेचाळीसला. बदलताना त्या प्रोग्रॅमने आपलं नाव आत लिहून ठेवलं. तो प्रोग्रॅम या दुकानात आहे, आमच्या ऑफिसात नाही."

"काढून टाकला असेल तुमच्या मिस्टरांनी," भाचा म्हणाला. "फोटो त्यांच्याकडेच तर होते."

"कधीपासून?"

मी नवऱ्याकडे हात केला. त्याने मोबाईल काढून टेबलावर ठेवला. आदल्या संध्याकाळी मी त्याचा मोबाईल उघडल्याचं त्याला सांगितलं होतं. तो चिडला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "वेळ बघितलीस का?"

"अकरा पन्नासला तुम्ही यांना निरोप पाठवलात," मी भाच्याला म्हणाले. "फोटो तयार ठेवलेत, तुम्ही म्हणालात तसेच. तो वाचून माझीही झोप उडाली होती. त्याच्या आधी यांचा निरोप आहे, की चॅटवर नको, मूळ मापाचे द्या. आणि नंतर यांचं उत्तर आहे, आता निघतोय, अर्ध्या तासात पोचतो. म्हणजे अकरा त्रेचाळीसला फोटो फक्त तुमच्याकडे होते. यांनी ते बघितलेही नव्हते."

"मला कॉम्प्युटर येत नाही," भाचा म्हणाला.

"काल माझा कोट तुम्ही न बघता सरळ केलात. डाव्या हाताने. रोज वीस-वीस पावत्यांचे फोटो तुम्हीच फिरवता."

मावशी पहिल्यांदा बोलली. "पण का करेल तो असं?"

"आप्पांना मागच्या गल्लीत जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. उभी भेग बघून कोणी मागे जात नाही. आडवी बघितली की पहिला प्रश्न येतो, मागून काय रेटतंय? आणि मागे यांनी शेजाऱ्याला पायाची माती टाकायला दिली होती. गळ्याएवढी. कोपऱ्याच्या दुकानाच्या बोलीवर."

कपडे पिळायचं मशीन बाहेर घरघरत होतं, ते कोणीतरी बंद केलं.

"महिन्यात उचलणार होते," भाचा म्हणाला. तो मावशीकडे बघत होता. "शेटजी म्हणाले होते, महिन्यात उचलतो. तेवढ्यापुरतं या इंजिनिअरसाहेबांनी गप्प बसावं एवढंच... मावशी, भिंत पडेल असं मला काय माहीत?"

"ह्यांना माहीत होतं," दारातून कडकची बायको म्हणाली. "माझ्या नवऱ्याला. म्हणून तर ते सांगत होते."

मावशी उठली. भाच्याच्या खिशाला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा तिने स्वतःच्या हाताने काढून घेतला. "तुझ्या आईच्या मागे तुला मी वाढवला," ती म्हणाली. तिने टेबलावरचा फोन उचलला आणि तपास अधिकाऱ्यांचा नंबर मलाच विचारला.

८

भाचा आणि तो शेटजी, दोघांवर खटला उभा राहिला. राखणदाराने साक्ष दिली. मावशीने भाच्यासाठी वकील दिला नाही.

चौकशीत आप्पांवर ठपका येणार नाही असं अधिकारी म्हणाले. त्यांना फसवलं गेलं, हे कागदोपत्री सिद्ध झालं होतं. आप्पा म्हणाले, "मला लिहायला कागद द्या." आणि त्यांनी लिहिलं, की फोटोत गंजाचा ओघळ आडवा होता, तो मी बघायला हवा होता. मी भेग बघितली, भिंत बघितलीच नाही. कडकच्या बायकोला त्यांनी ते स्वतः नेऊन वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही, आणि आप्पांनी मागितलंही नाही.

नवऱ्याने बापाला त्या तीस पावलांचं सांगितलं ते मावशीकडून परत येताना, गाडीत. आप्पा म्हणाले, "वर्षभरात फोटोवरून किती अहवाल दिले आपण?"

"लॉन्ड्रीचा सोडून सतरा."

"उद्यापासून सतराही भिंती बघायच्या. तू मला धरायचंस."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक निघायचे. एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर. मीही कॅमेरा घेऊन सोबत जायचे. पहिली भिंत ठीक होती. दुसरी, तिसरी, सगळ्या ठीक. आठव्या भिंतीनंतर नवरा म्हणाला, "आप्पा, आता पुरे करू या का? गुडघे सुजलेत तुमचे."

नववी भिंत एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली होती. लांबलचक खोली, टेबलांवर चिकटवायला ठेवलेल्या पानांचे गठ्ठे, आणि कामावर बारा-तेरा बायका. आमच्याकडे आलेल्या फोटोत भिंत कोरी, पांढरी, सरळ दिसली होती. इथेही पांढरीच होती. मालक हसत पुढे आला, म्हणाला, "अहो, तुम्हीच तर लिहून दिलंत, सगळं ठाकठीक म्हणून."

आप्पांनी मुलाचा खांदा सोडला, भिंतीला गाल टेकला आणि एक डोळा मिटून तिच्या अंगावरून दूरवर बघितलं, जसं सुतार फळीवरून बघतो. मग तळहात भिंतीवर ठेवून ते हळूहळू चालत गेले. चार पावलांवर, तळहाताला फुगवटा लागला तिथे, थांबले. तळहात तिथेच दाबून धरला.

"मागे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मागे?" मालकाचं हसू जरा आकसलं. "काही नाही, मोकळी जागा."

आप्पांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्यांनी खोलीतल्या बायकांकडे बघितलं, आणि एरवी कधी आवाज न चढवणारा तो माणूस सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "हातातलं काम जिथल्या तिथे टाका आणि बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"